कबरीसमोर आधी बसा, मग फोटो काढा

मागच्या रविवारी थाळनेरला गेले होते स्केचिंगला. तापीकाठचं थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं. लतादीदींचं आजोळ म्हणून बऱ्याच जणांना माहीत असेल, पण आम्ही चित्रकलेची माणसं तिथं जातो ती हजिऱ्यांसाठी. हजिरे म्हणजे फारुकी राजांच्या कबरींवरचे मकबरे. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकानं मलिक राजाला थाळनेर दिलं आणि तिथून खान्देशचं फारुकी घराणं सुरू झालं. १३९९ मध्ये मलिक राजा गेला तो तिथेच पुरला, त्याचा मुलगा नासिर खान ज्यानं बुऱ्हाणपूर वसवलं तोही तिथेच. म्हणजे आपल्या खान्देशच्या नावाचा इतिहास जिथं जमिनीत झोपलाय ती जागा. त्यातला एक हजिरा आठ कोनांचा आहे, बाहेरून नक्षीचा, आणि मी गेली कितीतरी वर्षं तोच काढतेय, अजून मनासारखा जमलेला नाही.

तर सकाळी साडेसातला पोचले तर तिथं प्री-वेडिंगचं शूट चालू. नवरीमुलगी लाल गाऊनमध्ये, नवरामुलगा गॉगल लावून, दोन असिस्टंट, एक ड्रोन, आणि हातात ती रंगीत धुराची नळकांडी. इथपर्यंत मी गप्प होते. पण मग त्या मुलीला आत नेऊन चक्क कबरीवर बसवलं, पाय खाली सोडून, आणि मागून गुलाबी धूर सोडला, तो धूर जाऊन त्या कोरीव दगडावर बसला. मी उठले आणि बोलले. फोटोग्राफर विशीतलं पोरगं होतं, उलटून बोलला नाही, फक्त म्हणाला मॅडम इथं लाइट भारी येतो. आणि ते खरंच आहे हो, लाइट भारीच येतो तिथं, मी पण त्याच लाइटसाठी पहाटे उठून गेले होते. मुलीला मी म्हटलं बेटा तुझ्या आजोबांच्या समाधीवर कोणी असं बसलं तर चालेल का, ती लगेच उठली, ओढणीनं दगड पुसला. तिचा दोष नव्हताच. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आत माणूस आहे.

आणि मला एवढंच म्हणायचंय, आत माणूस आहे. कबर, समाधी, छत्री, वीरगळ (लढाईत गेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) काहीही असो, कॅमेरा काढायच्या आधी पाच मिनिटं समोर बसा आणि हे कोणाचं आहे ते विचारा. मगच तो फोटो त्या जागेचा होतो, नाहीतर तुमच्या मागचा पडदा होतो.

कायद्याचं पण सांगून टाकते, केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली, नावं कोरली, विद्रूप केलं तर १९५८ च्या कायद्यात (२०१० च्या दुरुस्तीनंतर) दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण कायद्याच्या धाकानं आदर येत नाही, तो शिकवावा लागतो, म्हणून ही एवढी मोठी पोस्ट.

मी स्वतः चुकलेय म्हणूनही लिहितेय. आर्ट टीचर डिप्लोमा करत होते तेव्हा आम्ही एका जुन्या कब्रस्तानात गेलो होतो, एका दगडावरचा लेख वाचता येत नव्हता, अक्षरं झिजलेली. मी पर्समधून खडू काढला आणि आडवा घासला. अक्षरं पांढरी उठून आली, फोटो झकास आला, सगळ्यांनी कौतुक केलं. दोन पावसाळ्यांनी परत गेले तर जिथं खडू घासला होता तिथलाच पापुद्रा सुटलेला, अर्धी ओळ गेलेली. दगड आधीच कमजोर असणार, पण माझा हात लागला होता ना. ती ओळ आता माझ्या त्या फोटोत आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही, आणि याचा आनंद मानावा की रडावं हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी आरसा नेते. घरातला साधा हातभर आरसा. लेख सावलीत असेल तर कोणालातरी आरसा धरून बाजूनं उभं करायचं आणि उन्हाचा कवडसा दगडावर अगदी आडवा, घासून जाईल असा टाकायचा. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते आणि जे समोरून दिसत नव्हतं ते वाचता येतं. खडू नको, तेल नको, पीठ नको, पाणी मारून ब्रश तर बिलकूल नको. आरसा नसेल तर संध्याकाळी मोबाइलची टॉर्च दगडाला लागून बाजूनं धरा, तेच होतं. फोटो चारी बाजूंनी काढा, लेखाचा एक अगदी समोरून, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून, आणि घरी येऊन गाव, तारीख, दिशा लिहून ठेवा. दहा वर्षांनी तो दगड नसेल तर तुमचा मोबाइल हाच पुरावा.

आता भुसावळचं. मी भुसावळची, वडील रेल्वेत होते, लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. आपल्या भुसावळात रॉबर्ट गिलची कबर आहे हे किती भुसावळकरांना माहीत आहे? मेजर रॉबर्ट गिल, मद्रास सैन्यातला, १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवायला पाठवलं. वर्षानुवर्षं तो त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर ऑइलमध्ये भिंतीवरची माणसं उतरवत राहिला. ते कॅनव्हास लंडनला गेले, सिडनॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. मोजके वाचले. पुढे त्यानं कॅमेराही हातात घेतला, दोन भिंगांचे स्टिरिओ फोटो काढले, लेण्यांचे, देवळांचे, १८६४ मध्ये त्यांची पुस्तकं निघाली. त्याची इथली सोबतीण पारो, तिची कबर अजिंठा गावात आहे, ती गेली २३ मे १८५६ ला. तो स्वतः १८७९ च्या एप्रिलमध्ये गेला आणि भुसावळच्या युरोपियन कब्रस्तानात पुरला. एप्रिलमधलं भुसावळ म्हणजे काय असतं ते आपल्याला सांगायला नको.

ज्या माणसानं आयुष्य दुसऱ्यांची चित्रं उतरवण्यात घालवलं त्याच्या कबरीचं चित्र आपल्या गावच्या एकाही शाळेच्या भिंतीवर मी पाहिलेलं नाही. मला हे मनापासून टोचतं. आपल्या पोरांना ग्रीटिंग कार्डवरचे स्वित्झर्लंडचे डोंगर काढायला लावतो आपण.

मी पहिल्यांदा त्या कब्रस्तानात स्केचबुक घेऊन बसले तेव्हा आई म्हणाली होती बाईमाणसानं एकटीनं असल्या जागी बसू नये, काही लागीर झालं म्हणजे. आता आईच डबा भरून देते. तिथं गिलशिवाय रेल्वेच्या जमान्यातली कितीतरी माणसं आहेत, आणि लेकरं. एका लहान कबरीवर वय लिहिलंय अकरा महिने. मी तिचं चित्र काढायला घेतलं आणि तासभर फक्त कडेचा एक कोपरा काढत बसले, तिथं दगडाला एक बारीक वेल कोरलेली आहे, पाच पानं, पाचवं पान अर्धवट, कारागिरानं सोडून दिलेलं की झिजलेलं ते कळत नाही. फोटोत ते पान मला दिसलंच नव्हतं. आधी काढलेले चाळीस फोटो होते माझ्याकडे त्या जागेचे, एकाही फोटोत माझं लक्ष तिथं गेलं नव्हतं. म्हणून मी पोरांना सांगते आधी पेन्सिल. चित्र काढताना डोळ्याला प्रत्येक रेषेवरून चालत जावं लागतं, कॅमेरा एका क्षणात उचलून मोकळा होतो.

अशाच जागांवर रात्री जाऊन भुताचे रील्स करणारे पण आहेत आपल्याकडे, हिरवा फिल्टर, किंचाळण्याचा आवाज. एकानं त्याच अकरा महिन्यांच्या लेकराची कबर दाखवली होती. मी रिपोर्ट केलं, काही झालं नाही. त्याच्यावर जास्त लिहायची इच्छा नाही.

रंगांचं थोडं, कारण बरेच जण मेसेज करून विचारतात. आपला दगड काळा दिसतो म्हणून ट्यूबमधला काळा घेऊ नका, चित्र मरतं. इंडिगोमध्ये बर्न्ट सिएना टाका, पाणी जास्त ठेवा, ऊन लागलेल्या बाजूला सिएना चढू द्या, सावलीत इंडिगो. आणि दगडावर पांढरट हिरवे गोल डाग असतात बघा, ते सोडायचे नाहीत. आपल्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं ना, त्याच्याच जातीचं ते, दगडावर फार फार हळू वाढतं. मी तो डाग काढते तेव्हा मला त्या दगडाचं वय काढल्यासारखं वाटतं.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी माझ्या लेखी ते खान्देशच, फारुकींची राजधानी. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल तिथं गेली, तापीच्या पलीकडे झैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत तिला आधी पुरलं, डिसेंबरात आग्र्याला नेलं. सहा महिने ती आपल्या तापीकाठी होती. ताजमहालचे फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत, आहूखान्याचा एक तरी आहे का बघा. तिची सून, शाह शुजाची बायको बिल्किस बेगम, ती पण बुऱ्हाणपुरातच बाळंतपणात गेली. तिचा मकबरा खरबुजासारख्या फोडींचा, लोक खरबुजा महल म्हणतात, छोटासा आहे, पण आत शिरलात की भिंतीभर रंगीत फुलंपानं. तिथं फ्लॅश मारू नका कृपा करून. दारातून येणाऱ्या उजेडाला डोळे सरावू द्या, दहा मिनिटं लागतात, मग एकेक फूल भिंतीतून बाहेर येतं. सासू-सून दोघी एकाच गावात एकाच कारणानं गेल्या, आणि मी बाई म्हणून तिथं बसते तेव्हा मला वास्तुकला वगैरे आधी सुचत नाही.

आणखी एक राग आहे तो काढून टाकते. गावोगावी मारुतीच्या पाराजवळ वीरगळ असतात, खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, चंद्रसूर्य. सतीशिळेवर कोपरातून वाकलेला बांगड्यांचा हात. लोक शेंदूर लावतात, ती त्यांची श्रद्धा, पिढ्यांची, मी त्यावर बोलणार नाही. पण हल्ली सुशोभीकरण म्हणून ऑइल पेंट मारतात. एका गावात, नाव घेत नाही, मी ज्या वीरगळाचं चित्र काढलं होतं त्याला पुढच्या वर्षी सिल्व्हर कलर, घोडा पांढरा, वीराला मिशा काळ्या. सगळी बारीक कोर बुजून गेली. चित्र कागदावर काढा ना, हवं तर मी कागद देते, रंग देते, दगड तेवढा सोडा.

परत थाळनेरला येते. ते शूटवाले गेल्यावर मी काढत बसले होते तर एक म्हातारे चाचा शेळ्या घेऊन आले, बराच वेळ मागे उभे राहिले. मग म्हणाले, "काय काढी ऱ्हायनी व बहीन?" मी दाखवलं. म्हणाले, "राजास्नं तं समदाच काढतस. मना बापनं काढी देशी का?" मी गेले त्यांच्यासोबत, त्यांच्या वडिलांच्या कबरीपाशी. मातीचा उंचवटा, कडेनं विटा, एका टोकाला उभा दगड, वर कडुलिंबाची सावली. घरात वडिलांचा एकही फोटो नाही म्हणाले. मी काढलं, तर त्यांनी मान हलवली, डोकं उत्तरेला शे, तू पायथ्याकून काढं. मी जागा बदलून पुन्हा बसले. दुसऱ्या चित्रात विटा मोजून काढल्या, चौदा. त्यांनी कागद शर्टाच्या आत ठेवला, शेळ्या वळवल्या.

डिसेंबरात सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, तेव्हा मी भुसावळच्या कब्रस्तानात दोन रविवार बसणार आहे, जे जबाबदार आहेत त्यांची परवानगी काढून. गिलची कबर पूर्ण करायची आहे, लेखासकट. आठवी-नववीची पोरं असतील तर पालकांसोबत पाठवा. ४बी पेन्सिल, पाण्याची बाटली, टोपी आणि शक्य झालं तर घरातला एखादा आरसा घेऊन या, माझ्याकडे एकच आहे.