पन्नास हजारांचा दिवा आणि चार मशरूम

गेल्या पावसाळ्यापासून एकच निरोप मला निदान सात जणांनी पाठवला आहे. मूळ कोणी लिहिला ते ठाऊक नाही, पण घरात समुद्री टाकी (खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, यांची) ठेवायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर तो जाऊन पोचलेला दिसतो. मथळा असा : ‘कोरल ठेवायचंय? आधी हे वाचा.’ खाली सहा कलमं. एक, लीटरला किमान २ वॅट लाइट हवाच. दोन, २०,००० केल्विनच्या खालचा दिवा कोरलला चालत नाही. तीन, निळे एलईडी निव्वळ शोभेचे, वाढ पांढऱ्यानेच होते. चार, मोबाइलवर लक्स मोजा, ३०,००० च्या खाली भरले तर लाइट बदला. पाच, रोज १२ तास फुल्ल. सहा, ५० हजारांच्या आतला लाइट घेणं म्हणजे कोरलचा खून.

मी इतके दिवस गप्प होतो. पण परवा डोंबिवलीच्या एका मुलाने हे वाचून टाकी विकायला काढली. काच आणलेली, दगड आणलेले, मीठ आणलेलं, आणि लाइटपाशी गाडी अडली. दोन फुटी टाकी, नव्वदेक लीटर पाणी. त्यात त्याला ठेवायचं काय होतं? चार मशरूम आणि एक लेदर, म्हणजे मऊ कोरलांचेच दोन प्रकार.

कलमं उलटीकडून घेतो, कारण खरी मेख सहाव्यात आहे.

‘५० हजारांच्या आतला लाइट म्हणजे खून.’ कोणत्या कोरलचा? हा प्रश्न निरोपात कुठेच नाही. आपण पाळतो त्या बहुतेक कोरलांच्या अंगात झुझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहतात. ते प्रकाशावर स्वयंपाक करतात आणि त्यातला वाटा घरमालकाला देतात. या स्वयंपाकाला किती प्रकाश लागतो ते कोरलगणिक बदलतं. मोजायचं माप पार. (मराठीतल्या ‘पार कंटाळलो’तल्या पारशी याचं नातं नाही, जरी निरोप वाचून तसंच वाटलं.) ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, त्याचा हा आकडा. हौशी लोकांच्या अनुभवातून आलेले ढोबळ आकडे असे : मशरूमला ५० ते १०० पार पुरतात, झोआ (गुच्छाने वाढणारं आणखी एक मऊ कोरल) आणि लेदर ८० ते १५० मध्ये खूश असतात, आणि ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी कोरलला २०० ते ३५० लागतात.

तो पन्नास हजारांचा दिवा बनतो तो या शेवटच्या मंडळींसाठी. आणि ही मंडळी आपल्याकडे घरात ठेवायची वस्तूच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळखडक, बांधणारी सगळी दगडी कोरलं आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी ती वाघाच्या पंगतीला बसतात. सोबत काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची कोरलं २०२० मध्ये दुसरीकडे हलवावी लागली, तेव्हा खुद्द महापालिकेला वन खात्याची परवानगी काढावी लागली होती. दुकानदार बादलीतून दगडी कोरलचा तुकडा काढून ‘घ्या साहेब, फक्त लाइट चांगला लावा’ म्हणतो, तेव्हा लाइटच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

म्हणजे हिशेब असा झाला. जे कोरल सरळ मार्गाने ठेवता येतं ते कमी प्रकाशावर भागवणारं, आणि निरोप लाइट विकतोय तो ठेवू नये अशा कोरलचा. आता कोणी म्हणेल, भविष्याचा विचार करून मोठा घेतलेला बरा. लग्नाचा सूट ‘पुढे अंगात येईल’ म्हणून कोणी मोठा शिवत नाही, लाइटचंही तसंच.

माझ्या टाकीवर आज जो दिवा आहे तो मीच जोडलेला. ॲल्युमिनियमची हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी पट्टी), तिच्यावर ३ वॅटचे १६ एलईडी : १० रॉयल ब्लू, २ साधे निळे, ४ कूल व्हाइट. निळ्यांना एक ड्रायव्हर (एलईडीला नेमका करंट पुरवणारा डबा) आणि पांढऱ्यांना दुसरा, म्हणजे दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला. पुणेकरांना बुधवार पेठेत मिळेल. स्टँड आणि टायमर धरून साडेसात हजार लागले, आणि त्यातला एक ड्रायव्हर मी पहिल्याच दिवशी उलटा जोडून जाळला तो खर्च वेगळा. या दिव्याखाली झोआंचे पाच तोंडांचे गुच्छ दोन वर्षांत मोजता येणार नाहीत इतके झाले. सोल्डरिंग जमत नसेल तर दोन चॅनलचे (निळा-पांढरा वेगळा फिरवता येणारे) तयार चिनी दिवे, म्हणजे काळे डबे, मिळतात. तेही मशरूम-लेदरसाठी गरजेपेक्षा जास्तच जोरकस असतात, म्हणून ते उंच टांगायचे आणि निम्म्याच्या खाली चालवायचे.

‘रोज १२ तास फुल्ल.’ हे कलम मी स्वतः करून पाहिलंय आणि त्याची किंमत एका लेदरने मोजली. एका मित्राने त्याचा जुना भारी लाइट वापरायला दिला. मी हावरटासारखा पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर ठेवला, सकाळी नऊ ते रात्री नऊ. नवव्या दिवशी तपकिरी लेदर उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं झालं होतं. प्रकाश पेलण्यापलीकडे गेला की आतल्या शैवालांच्या पेशींत घातक ऑक्सिजन साचतो आणि कोरल आपल्या भाडेकरूंनाच बाहेर काढतं. भाडेकरू गेले की चूल विझली. प्रकाश एका मर्यादेपर्यंत वाढवला तर स्वयंपाक वाढतो. तिच्या पुढे तो वाढत नाही, नुकसान मात्र वाढत जातं.

माझा आताचा पाठ असा : नवा दिवा २०-३० टक्क्यांवर सुरू करायचा, दर आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवायचा, आणि एकूण ८ ते ९ तास. बाकी कोरल स्वतः सांगतं. झोआ माना उंचावून काठीसारखे लांबले तर त्यांना प्रकाश कमी पडतोय. मशरूम कडा दुमडून आक्रसलं तर जास्त होतोय. रंग नुसताच तपकिरी पडत गेला तर बहुतेकदा कमी उजेडाची तोड म्हणून शैवाल वाढलेत. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

चौथं कलम, मोबाइलवर लक्स मोजण्याचं, वरवर सगळ्यांत शास्त्रीय दिसतं. म्हणून जास्त घातक.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सगळ्यांत जास्त दाद देतो आणि ४५० च्या गडद निळ्याला जवळजवळ आंधळा असतो. लक्समीटर तोच पक्षपात आकड्यात उतरवतो. कोरलचं शैवाल मात्र नेमकं त्या निळ्यावर जगतं. हिशेब मांडून बघा. पांढऱ्या एलईडीखाली १ पार म्हणजे साधारण ७० लक्स. रॉयल ब्लूखाली १ पार म्हणजे जेमतेम ७ ते ९ लक्स. म्हणजे कोरलच्या दृष्टीने तितकंच जेवण, पण मीटरवर आठ-दहा पट कमी.

आता निरोपातले ३०,००० लक्स घ्या. पांढऱ्या दिव्याखाली ते चारशेच्या वर पार झाले, मशरूमचं भरीत. निळ्या दिव्याखाली ते ३,५०० च्या आसपास जातात. भर दुपारचं निरभ्र ऊन सुमारे २,००० पार असतं! दिवाणखान्यात मे महिन्याच्या सूर्याहून प्रखर निळा दिवा लावा आणि खाली मशरूम ठेवा, असं हे कलम सांगतं. ते लिहिणाऱ्याने कधी निळ्या दिव्याखाली मोबाइल धरला नसावा, कारण तेवढे लक्स त्यालाही मिळाले नसते.

मोबाइल अगदीच निरुपयोगी नाही. एकाच दिव्याखाली, त्याच रंगसेटिंगवर, टाकीच्या मध्याशी आणि कोपऱ्याशी (पाण्याच्या वर, अर्थातच) उजेडात किती फरक आहे एवढं तो ढोबळपणे दाखवतो. मध्यभागी झगमगाट आणि कडेला अंधार असेल तर दिवा थोडा वर घ्यायचा. दोन वेगळ्या दिव्यांची तुलना त्याने करू नये.

दुसरं आणि तिसरं कलम एकत्रच घ्यावं लागतं, कारण ते एकमेकांचे पाय ओढतात. २०,००० केल्विनचा दिवा म्हणजे गडद निळसर दिवा. मग पुढच्याच ओळीत निळा शोभेचा कसा? केल्विन हे तापलेल्या पदार्थाच्या तेजाशी रंगाची तुलना करणारं माप. मेटल हॅलाइड या जुन्या प्रखर दिव्यांच्या जमान्यात बल्ब निवडायला ते बरं होतं. दोन-तीन रंगांचे एलईडी मिसळलेल्या दिव्यात कोणती तरंगलांबी किती आहे हे त्या एका आकड्यातून कळत नाही. खोक्यावर केल्विन न बघता निळे एलईडी ४५० च्या आसपासचे आहेत का, आणि निळा-पांढरा वेगळा फिरवता येतो का, एवढं बघावं.

निळ्याचं म्हणाल तर समुद्राचं पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच गिळतं. खोल जातो तो निळा. कोरलच्या शैवालांत हरितद्रव्य अ आणि क आहेत, जोडीला पेरिडिनिन हे रंगद्रव्य, आणि या तिघांचा भर निळ्या ते निळसर हिरव्या पट्ट्यावर. गंमत म्हणजे पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, वर पिवळसर फॉस्फरचा लेप दिलेला. पांढऱ्याखाली कोरल वाढतं ते बऱ्याच अंशी त्या लेपातून निसटलेल्या निळ्याच्या जोरावर. गैरसमजाचं मूळ मला कळतं. निळ्याखाली कोरलमधली चमकणारी प्रथिनं हिरवी-नारिंगी पेटतात, टाकी लग्नाच्या मांडवासारखी दिसते, आणि माणसाला वाटतं हा नुसता देखावा. देखावा आहेच, पण जेवणही तेच आहे. पांढरे मी ठेवतो ते माझ्यासाठी. नुसत्या निळ्यात मासे भुतासारखे दिसतात, आणि आईला ती टाकी ‘डान्स बार’ वाटते.

राहिलं पहिलं, लीटरला २ वॅट. ट्यूबलाइटच्या काळात सगळ्या ट्यूब जवळपास सारख्याच कार्यक्षम होत्या, तेव्हा वॅटवरून अंदाज बांधता यायचा. आज वॅट फक्त वीजमीटर किती फिरणार ते सांगतो, आणि खोक्यावरचा वॅट तर तेही नीट सांगत नाही : ‘१६५ वॅट’ लिहिलेला काळा डबा म्हणजे ३ वॅटचे ५५ एलईडी, प्रत्यक्षात ते त्याहून बरेच कमी करंटवर चालवलेले असतात. माझा १६ एलईडींचा दिवा ३८ वॅट ओढतो. नऊ तासांच्या हिशेबाने महिन्याला दहाएक युनिट. निरोपाच्या हिशेबाने नव्वद लीटरला १८० वॅट, रोज १२ तास, म्हणजे महिन्याला ६५ युनिट. आणि ती वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत आणि पाण्यात उतरते. टाकी २५ ते २७ अंशांत ठेवायची असते. ठाण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये मे महिन्यात आधीच पाणी तिशीला टेकतं. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत पाण्यावर साधा पंखा मारला तरी दोन-तीन अंश उतरतात; आमच्याकडे घामट हवेत तेही धड होत नाही, मग चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र. दिवा जरुरीपुरता घेतला तर त्यातून वाचणारे पैसे नेमके इथे लागतात.

निरोपातला एक सूर मात्र खोटा नाही : स्वस्तातलं सगळंच चालतं असं नव्हे. गोड्या पाण्याच्या दुकानातली चार-पाच वॅटची पट्टी मशरूमलाही उपाशी ठेवेल. आणि काही गोष्टींत मी पैसे वाचवत नाही. खारं पाणी उडतं, त्या तुषारांबरोबर मीठ वर चढतं आणि कनेक्शनवर पांढरी साय धरतं. त्यामुळे ड्रायव्हर टाकीच्या वर नाही, बाजूला भिंतीवर. वायरला सॉकेटच्या खाली झोळ, म्हणजे थेंब ओघळला तर झोळाशी गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. हीटसिंकला अर्थिंग. आणि टाकीच्या सगळ्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). तो साडेसात हजारांच्या बाहेरचा, पण त्यात घासाघीस करू नये.

डोंबिवलीच्या मुलाची टाकी अजून विकली गेलेली नाही. एका गिऱ्हाइकाने बघितली आणि ‘लाइट नाही?’ म्हणून निघून गेलं. शनिवारी आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला चाललोय. सोल्डरिंग गन तो आणणार, ड्रायव्हर जोडताना या खेपेला अधिक-उणे मी दोनदा बघणार.