वांग्याचा सातबारा

तुमचा आवडता सायन्स फिक्शन लेखक कधी ना कधी काहीतरी भलतंच बोलून बसणारच, हे आधीच धरून चाला, म्हणजे थंडीत शेतात भरीत पार्टीला कोणी मोबाईल नाकासमोर धरून "हे बघ भो, तुझा लेखक काय बोलला" म्हटलं तर घास घशात अडकणार नाही.

माझा अडकला होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून राह्यली होती, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि दीपनगरच्या थर्मलला, म्हणजे वीज केंद्रात, असलेला एक दोस्त अचानक लिऊ त्सिशिनवर घसरला. हा लिऊ चीनमध्ये वीज केंद्रात इंजिनिअर होता, नोकरी करता करता लिहायचा, त्यामुळे त्याचं २०१५ ला ह्युगो, म्हणजे सायन्स फिक्शनचं मोठं बक्षीस, मिळालेलं पुस्तक ह्याच दोस्ताने मला 'आपल्या लाईनचा माणूस' म्हणून कौतुकाने दिलेलं. मग २०१९ ला लिऊने मुलाखतीत उइगुर मुसलमानांना छावण्यांत डांबणाऱ्या चिनी सरकारी धोरणाची बाजू घेतली, २०२० ला पाच अमेरिकन सिनेटरांनी नेटफ्लिक्सला पत्र लिहिलं की ह्याच्या पुस्तकावर सिरीज कशाला, आणि २०२४ ला सिरीज आली. दोस्ताने आठही भाग पाहिले. एका रात्रीत, निषेध म्हणून.

अशा वेळी एक वाक्य पाठ असू द्या: "भरीत खा, वांग्याचा सातबारा मागू नको." अडचण एवढीच की आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो, वांगी बामणोदची, भरीतासाठी नावाजलेली, ती का? पण तो मुद्दा आपण स्वतःहून काढायचा नाही.

त्यापेक्षा सोपं म्हणजे लेखकच अमेरिकेच्या हाइनलाइनसारखा निवडा. १९५९ ला त्याने अशी दुनिया लिहिली जिथे सरकारी सेवा केल्याशिवाय मतदानाचा हक्क नाही, लोकांनी लष्करशाहीवाला म्हणून झोडपला, आणि १९६१ ला मंगळावर वाढलेल्या माणसाची अशी गोष्ट लिहिली की हिप्पींनी त्याला डोक्यावर घेतला. ह्युगो दोन्हींना! आपल्या पुढाऱ्यांना दोन्हीकडून हार घ्यायला निदान पक्ष तरी बदलावा लागतो. म्हणजे एका पुस्तकावर शिव्या पडल्या की गुपचूप दुसरं पुढे सरकवायचं.

मेलेला लेखक तर सगळ्यात बेस्ट. भयकथावाला लव्हक्राफ्ट १९३७ लाच गेला, वंशद्वेष्टा होता म्हणून २०१५ ला वर्ल्ड फँटसी अवॉर्डच्या ट्रॉफीवरून त्याचं मुंडकं काढायचं ठरलं, पण त्याची भुतं जोरात चालू आहेत, आणि तो आता नवीन काही बोलत नाही, हा केवढा मोठा गुण.

माझी गोची मात्र ऑर्सन स्कॉट कार्डची. धुळ्याच्या रद्दीतून किलोवर घेतलेलं 'एंडर्स गेम', वय तेरा, होस्टेलमध्ये रोज मार खायचो, आणि त्यातला पोरगाही माझ्याच मापाचा, सगळ्यांचा मार खाणारा. लेखक समलिंगी लग्नाच्या कट्टर विरोधात आहे हे कळलं २०१३ ला, सिनेमावर बहिष्काराची हाक आली तेव्हा. आता त्या पोराला पुस्तकातून काढून कुठे उभं करू? परग्रहावरच्या दुश्मनाचंही मन समजून घ्या असं त्यात लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचंच पुस्तक कसं काय कळलं नाही, हे अजून मला उलगडलेलं नाही.

तर शेवटचा उपाय म्हणजे पेपरचं कव्हर. नारळीकरांनी १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाने कथा पाठवली होती, नावाचा फायदा नको म्हणून. आपण नाव झाकायचं ते शिव्या नको म्हणून.

मागच्या महिन्यात तसंच कव्हर घालून पॅसेंजरमध्ये वाचत होतो, भुसावळपासून एक भाऊ खांद्यावरून डोकावून राह्यले होते. भादलीला गाडी थांबली तसे म्हणाले, "ह्या लेखकाचं काहीतरी लफडं झालतं ना?"

म्हटलं, "हाव."

"असलं वाचूच नये," म्हणाले, आणि मी पान उलटायला गेलो तर कोपरा दाबून धरला. "थांबा ना भो, माझं व्हायचंय."