पस्तीस उत्तर का आलं, हे ॲपला कोण सांगणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून हृदयाचं काम हलत्या चित्रात दाखवलं की फळ्यावर अर्धा तास खडू झिजवून जे समजत नाही ते चटकन समजतं. पुस्तकात असे क्यूआर कोड आणणाऱ्या, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ हे शिक्षकांसाठीचं जागतिक बक्षीस मिळालं, तेव्हा आपल्याच घरात बक्षीस आल्यासारखं वाटलं होतं. त्याच वर्षी शाळा बंद असताना व्हॉट्सॲपवर येणाऱ्या, सरकारच्या 'स्वाध्याय' उपक्रमाच्या प्रश्नांचाही आधार होता.

पण ॲपवर ऑनलाइन चाचणी घेतली की मूल कुठे अडलंय ते कळतं, असं आपण धरून चाललोय. ते मला पटत नाही.

तिसरीच्या वर्गातली ५२ वजा २७ ही वजाबाकी घ्या. दोन मुलं ३५ हा पर्याय निवडतात. दोघांपुढे लाल फुली, दोघांना सारखाच सराव. आता वह्या उघडा. एकाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन वजा केले. दुसरीने दशक सुटा केला, बारातून सात बरोबर वजा केले, पण वरच्या पाच दशकांचे चार करायचे राहिले. तिला एकदा "इथे किती उरले गं?" म्हटलं की काम होतं. पहिल्याला मात्र काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवायला हवं, त्याला दशक म्हणजे काय तेच अजून उमगलेलं नाही. उत्तर एक, आजार दोन. आणि तिसरा कुणी अंदाजाने २५वर बोट ठेवून गेला, तर त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

शिक्षणाच्या प्रत्येक चर्चेत ज्याचे आकडे निघतात ते ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणारं 'असर' सर्वेक्षणसुद्धा घरोघरी जाऊन होतं. एका मुलासमोर एक माणूस बसतो आणि अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट वाचून घेतो. त्यांच्याच २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. मोबाइल हातात आला म्हणजे अभ्यास आपोआप होतो, हे म्हणूनच खरं नाही.

वह्या बघायचा वेळ मात्र गुण ऑनलाइन भरण्यात जातो. रेंज नसली की गुण भरायला शाळेच्या गच्चीवर जावं लागतं, आणि भरलेल्या गुणांतून वर्गासाठी परत काही येत नाही.

चाचणी ऑनलाइन घ्या, हरकत नाही. पण कुठल्या मुलाने कुठला चुकीचा पर्याय निवडला, ते त्याच आठवड्यात वर्गशिक्षकाला दिसू द्या. माहिती भरायला वेगळा माणूस द्या. आणि चाचणीनंतरचे दोन दिवस वेळापत्रकात मोकळे ठेवा, एकेका मुलाला वहीसकट जवळ बसवून "हे कसं केलंस?" विचारायला.