बांधल्याने पडणं थांबत नाही

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वृद्धाश्रमात रात्री आजी-आजोबांना पलंगाला बांधलं तर ओरडू नका. पडून खुबा मोडण्यापेक्षा ते बरं, त्यांना तसंही काही कळत नाही, माणसं कमी असल्यावर करणार काय, आणि बांधायचं नसेल तर शांत ठेवायची गोळी द्या. मला तो चौघांनी पाठवला. चौघांनाही हे उत्तर.

आधी पडण्याचं बघू. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो. पलंगाच्या कठड्यावरून उतरू गेला तर आणखी उंचावरून आदळतो. कठडा आणि गादीच्या फटीत मान अडकून माणसं दगावलेली आहेत. दिवसचे दिवस आडवं राहिलं की पायांतली ताकद जाते, पाठीला बेडसोर होतात, आणि सोडल्यावर पहिल्याच पावलाला तोल जातो. अमेरिकेत 1992 साली नर्सिंग होममधल्या वृद्धांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बांधलेल्यांनाच पडून गंभीर इजा जास्त झालेली आढळली. शिक्षा म्हणून किंवा सोयीसाठी बांधायला तिथे 1987 च्या कायद्यानेच मनाई केली होती. जपानने 2000 साली बांधायला मनाई केली, आणि अपवादाला तिथे तीन अटी आहेत: धोका तातडीचा हवा, दुसरा उपाय नसावा, आणि बांधणं तात्पुरतं असावं. तिन्ही एकदम लागू झाल्या तरच.

"काही कळत नाही" हे वाक्य मला सहन होत नाही. माझी मावशी, सगळा संसार रामबागेत केलेली, स्मृतिभ्रंश झाल्यावर इथल्याच एका संस्थेत होती. एकदा सकाळी लवकर गेले तर तिचं डावं मनगट जुन्या सुती साडीच्या पट्टीने कठड्याला बांधलेलं. गाठ ओली होती. तिने दातांनी सोडवायचा प्रयत्न केला होता. माझं नाव तिला आठवेना, पण म्हणाली, "अगं बाई, मला मोरीत जायचंय." चादर केव्हाच ओली झाली होती.

म्हणजे ती रात्री उठायची ती लघवीला! कुणी विचारलंच नव्हतं. मग झोपताना आणि रात्री दोनला तिला नेऊन आणायचं ठरलं. बुटका दिवाण आणला, रात्रीचा दिवा लावला, चष्मा उशाशी ठेवला. हातांना चाळा लागतो म्हणून दुपारी मटार सोलायला दिले. तासभर एका जागी बसायची.

माणसं कमी असतात हे खरं आहे. रात्रपाळीच्या मुलींवर माझा राग नाही. पण 2017 चा मानसिक आरोग्य कायदा साफ सांगतो की कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने रुग्णाला बांधता येणार नाही, आणि साखळदंड तर कधीच नाही. तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, हे मान्य. पण मनोरुग्णाला जे संरक्षण आहे ते आपल्या आजीला का नको? तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले 28 जण पळूच शकले नाहीत, तिथेच गेले.

राहिली गोळी. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना शांत ठेवायला जी मनोविकारावरची औषधं देतात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला आहे. ती देण्याआधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगा.

आणि भेटायला जाल तेव्हा बाही वर करून मनगटं बघा. वळ दिसला तर कुणाच्या सांगण्यावरून बांधलं, किती वेळ, आणि कुठे लिहून ठेवलंय, ते तिथेच विचारा.