‘जुनी केस लपवा’ म्हणणाऱ्यांनो, पोरांना खड्ड्यात घालू नका

माझी भाची इंटेलिजन्स ब्युरोच्या (आयबी, केंद्राचं गुप्तचर खातं) एसीआयओ, म्हणजे गुप्तचर अधिकारी पदाच्या मुलाखतीची तयारी करतेय. परवा तिने एक फॉरवर्ड पाठवला, ‘आयबी मुलाखतीची गुपितं’. सोबत प्रश्न: ‘मामा, कॉलेजच्या मोर्चातली ती केस लिहू नको ना?’ तेव्हापासून डोकं तापलंय.

गुपित पहिलं: ‘किती पायऱ्या चढून आलात, असं हमखास विचारतात.’ ही दंतकथा प्रत्येक सरकारी मुलाखतीला चिकटवतात. सोडा.

दुसरं: ‘माहीत नाही म्हणू नका, ठोकून द्या.’ गुप्तचर खात्यातल्या विश्लेषकाला हाती आलेली माहिती, त्यावरून बांधलेला अंदाज आणि त्या अंदाजाची खात्री वेगवेगळी ठेवावी लागते. 1951 साली अमेरिकी गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचं लिहिलं होतं. अमेरिकी गुप्तचर विश्लेषक शर्मन केंट यांनी तो तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, शक्यता म्हणजे नेमकी किती? उत्तरं 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत आली! आणि आपण पोरांना ठोकून द्यायला शिकवतोय. तेही अशा मुलाखतीत, जिला 2025च्या भरती जाहिरातीत 250पैकी 100 गुण होते.

तिसरं सगळ्यात घातक: ‘किरकोळ केस असेल तर लिहू नका, कुणी बघत नाही.’ बघतात. साक्षांकन नमुन्यात (उमेदवाराने स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) अटक, गुन्हा, खटला यांबद्दल थेट विचारलेलं असतं आणि पोलीस पडताळणीही होते. सर्वोच्च न्यायालयाने ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात 21 जुलै 2016 रोजी स्पष्ट सांगितलंय, की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी. लपवाछपवी उघड झाली तर नेमणूक जाऊ शकते. त्याच निकालात असंही आहे, की तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब असेल तर ती लपवल्याकडेही नियोक्ता काणाडोळा करू शकतो. ‘करू शकतो’, केलाच पाहिजे असं नाही. खरं सांगूनही निर्णय त्यांच्याच हातात राहतो, हे मान्य. पण मोर्च्याची केस सांगून जेवढा धोका, त्याहून कितीतरी मोठा ती लपवण्यात आहे. माहिती गोळा करणाऱ्या खात्यापासून माहिती दडवायची, हा सल्ला सुचतो तरी कसा?

‘सोशल मीडिया खाती उडवा’ हा असाच पोकळ सल्ला. ‘निवडीचा गाजावाजा करू नका’ एवढं मात्र बरोबर आहे, नाइलाजाने कबूल करतो.

भाचीला सांगितलंय: एफआयआर आणि कोर्टाच्या आदेशाची प्रत काढ, तारखा-कलमं नीट बघ आणि विचारलंय तेवढं, पण खरं लिही.