‘एकदा लावा, पाणी विसरा’: इंदूरच्या काळ्या मातीत हे चालत नाही

आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘लॉन उपटून टाका. त्या जागी सेडम, क्रीपिंग थाइम किंवा वेडेलिया पसरवा. एकदा लावलं की पाणी नको, निगा नको, बारा महिने हिरवंगार.’

हेतू चांगला आहे. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, पंपांनी पठारावर चढवून आणावं लागतं. 500 चौरस फुटांच्या लॉनला एका खेपेला 5 मिलिमीटर पाणी द्यायचं तर 230 लिटर लागतात. मलाही ते खुपतं. पण ही झाडं लावून लोक दोन वर्षांत हात पोळून घेतील आणि परत लॉनच घालतील, याची मला जास्त काळजी वाटते.

आधी थाइम. हे भूमध्य समुद्राकाठचं झुडूप. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमकं उलट: ऐन उष्म्यात पाऊस, तोही माळव्याच्या काळ्या मातीवर, जी पाणी धरून फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. झाडाला पाणी किती लागतं एवढंच बघून भागत नाही. ते कधी मिळतं आणि मुळाशी किती दिवस साचून राहतं, हेही बघावं लागतं. मी लावलेलं थाइम उन्हाळा काढून गेलं आणि श्रावणात मुळाशी काळं पडून कुजलं. सेडम म्हणजे जाड, रसाळ पानांची झाडं; त्यातल्या बऱ्याच जणांचंही तेच होतं. हौसच असेल तर वीतभर उंच वाफा करून मातीत मुरूम आणि जाड वाळू भरपूर मिसळा.

वेडेलियाबद्दल मात्र मी स्पष्टच सांगते, लावू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. कांडी पडेल तिथे मूळ धरते, नाल्याकाठी पोहोचली की दुसरं काही उगवू देत नाही. शिवाय ती ओलीची भुकेली. मेमध्ये पाणी तोडलं की मान टाकते.

‘पाणी नको’ हे तर कुठल्याच झाडाला पहिल्या वर्षी लागू नाही. मुळं खोल जाईपर्यंत द्यावंच लागतं.

आणि लॉनमधल्या दूर्वा का उपटायच्या? उन्हात त्या पिवळ्या पडतात, मेलेल्या दिसतात, पण जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतात. पहिल्या सरीनंतर आठवड्यात हिरव्या होतात. मुलांच्या खेळण्याइतकी पायदळणी सोसणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. गणपतीच्या एकवीस जुड्याही घरच्याच होतात. बारमाही हिरवेपणाचा हट्ट तेवढ्या तुकड्यापुरता सोडावा.

बाकी जागेसाठी जलपिंपळी बघा. आपल्याकडचीच आहे, जमिनीलगत पसरते, थोडं चालणं सोसते, बारीक फुलांवर मधमाश्या येतात. कडक उन्हात जांभळं ट्रॅडेस्कँशिया, भिंतीच्या अर्ध्या सावलीत ऱ्हिओ किंवा स्प्रेंजरी शतावरी. पहिले दोन चांगले पाऊस झाले की वीत-वीत अंतरावर लावा आणि मधल्या उघड्या मातीवर पालापाचोळा घाला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, मुरेपर्यंत पाणी द्या. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरवरच राहतात.