झोप काय डबीत मिळते होय?

हल्ली फोन उघडला की दर तिसरं रील अश्वगंधाचं. गमी काय, कॅप्सूल काय, 'स्लीप टी' काय, आणि वर लिहिलेलं असतं 'पाच हजार वर्षांचं रहस्य'. माझा राग आयुर्वेदावर नाहीये बरं का, त्याच्या नावाने ही जी डबी खपवतायत तिच्यावर आहे.

कारण मूळ ग्रंथात काय लिहिलंय ते बघा ना एकदा. आयुर्वेदाचा जुना आचार्य चरक, त्याने शरीराचे तीन आधार सांगितलेत, आहार, झोप आणि ब्रह्मचर्य. म्हणजे झोप थेट जेवणाच्या पंक्तीत बसवलीय. आणि दुसरा आचार्य वाग्भट, त्याच्या अष्टांगहृदय या ग्रंथात, सूत्रस्थान नावाच्या पहिल्या भागाच्या ७व्या अध्यायात, झोप कमी लागणाऱ्याला काय काय सांगितलंय तर दूध, दही, अंगाला तेल, आंघोळ, डोक्याला कानाला तेल (मद्य पण आहे यादीत, लगेच नवऱ्यांना टॅग करू नका), जवळच्या माणसाची मिठी, मनाला आवडणाऱ्या गोष्टी आणि हातातलं काम पूर्ण झाल्याचं समाधान. हे शेवटचं वाचून मी थांबलेच. रात्री साडेअकराला ऑफिसच्या ग्रुपवर 'टीम, सकाळी फर्स्ट थिंग हे लागेल' असा मेसेज पडतो, मग कसलं काम पूर्ण आणि कसलं समाधान? डोकं शांत नाही म्हणून आपण गोळी घेतो, पण तो ग्रुप म्यूट करायची हिंमत होत नाही आपली. मॅनेजर लोकांनी पण वाचावं हे, खास त्यांच्यासाठी लिहितेय.

अजून एक गंमत. झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकाने सगळ्यात वर ठेवलंय म्हशीचं दूध. आपली मुंबई तर पहिल्यापासून म्हशीच्या दुधावर पोसलेली, १९४९ साली शहरातले तबेले बाहेर हलवायला आरे कॉलनी वसवली ती काय उगाच? आणि आता आमच्या सोसायटीत लोक काचेच्या बाटलीतलं महागडं गाईचं दूध मागवतात, त्यात हळद टाकतात आणि म्हणतात झोपेसाठी.

पहाटे ब्राह्ममुहूर्तावर उठा हे मात्र सरसकट सगळ्यांना सांगणारे मला झेपत नाहीत. विरारला रात्री साडेअकराला उतरणाऱ्या माणसाने पहाटे चारला उठायचं? अहो, तो श्लोकच निरोगी माणसासाठी आहे, तसं स्पष्ट लिहिलंय. उलट वाग्भटाने जागरण करणाऱ्यांची सोय केलीय, सवय नसताना रात्री जागावं लागलं तर जितकं जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी काही न खाता झोपा म्हणतो. नाईट शिफ्टवाल्या नर्सेस, कॉल सेंटरची पोरं, यांना हे कोणी सांगतच नाही, सगळे आपले 'सकाळी झोपणं वाईट' म्हणून टोमणे मारतात! दुपारच्या झोपेचं पण तसंच, एरवी नको म्हटलंय कारण कफ वाढतो, पण उन्हाळ्यात चालते, म्हाताऱ्यांना, लहान मुलांना, दमलेल्यांना चालते.

करून बघण्यासारखं काय, तर पायाला तेल. आमच्याकडे आई काशाच्या वाटीने तळपाय चोळायची, तूप लावून, आणि बाबा पाच मिनिटांत घोरायला लागायचे. आता त्याचं मशीन निघालंय, मॉलमध्ये पण दिसतं, पाय काळे झाले की 'बघा मॅडम उष्णता निघाली' म्हणतात. काही उष्णता-बिष्णता नाही, धातू तुपातेलात घासला की काळं होतंच. पण आराम वाटतो हे खरं, आणि घरी वाटी असेल तर पैसे पण लागत नाहीत. रात्रीचं जेवण हलकं आणि जमेल तितकं लवकर हे दुसरं, ट्रेनमधून उतरून दहाला पावभाजी हाणली की सकाळी अंग जड होणारच, मग एनर्जी नाही म्हणून परत रडायचं.

अश्वगंधा वाईट असं म्हणत नाहीये मी. पण थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गरोदरपणात तर नकोच, आणि लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. घ्यायचीच असेल तर मुंबईत वरळीला पोदार आयुर्वेदिक हॉस्पिटल आहे, तिथल्या ओपीडीत वैद्यांना नाडी दाखवा, चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या. आणि घरातलं कोणी जोरात घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास अडकत असेल, दिवसा बसल्या बसल्या पेंगत असेल तर तेल-दूध राहू दे बाजूला, आधी छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.